कॉपर ऑक्साइडमधलं चुंबकत्व आणि एक अष्टमांशावरचा खड्डा

प्रश्न मुंबईतल्या एका एम.एस्सी.च्या विद्यार्थ्याचा आहे. थोडक्यात असा: चुंबकत्व सुपरकंडक्टिव्हिटीला, म्हणजे विजेला शून्य रोध असणाऱ्या अतिसंवाहक अवस्थेला, मारक असतं असं पाठ्यपुस्तक सांगतं. मग ज्या कॉपर ऑक्साइडांची सुरुवातच चुंबकीय विसंवाहकापासून होते, त्यांच्यात इतक्या वरच्या तापमानाला अतिसंवाहकता येते कशी? चार्ज ऑर्डर, म्हणजे विद्युतभाराचे पट्टे, तिला मदत करतात की अडवतात? लँथॅनम-बेरियमच्या संयुगात नेमकं एक अष्टमांश डोपिंगलाच (दर आठ तांब्यांमागे एक इलेक्ट्रॉन कमी करणाऱ्या भेसळीला) टीसी, म्हणजे अतिसंवाहकता सुरू होण्याचं तापमान, का कोसळतो? आणि यातलं काही कॉलेजच्या प्रोजेक्टमध्ये करून बघता येईल का?

शेवटच्या प्रश्नाला शेवटीच हात घालतो. आधी पाठ्यपुस्तक. त्यातलं विधान खोटं नाही, पण ते शिसं, नायोबियम, लँथॅनम अशा साध्या धातूंपुरतं आहे. शुद्ध लँथॅनममध्ये शेकडा एक गॅडोलिनियम मिसळलं तरी अतिसंवाहकता जवळजवळ संपते, हे १९५८ पासून माहीत आहे. गॅडोलिनियमचा स्पिन, म्हणजे अणूचं चिमुकलं चुंबकत्व, मोठा. अतिसंवाहकतेत इलेक्ट्रॉन जोडीजोडीने फिरतात; अशा कूपर जोडीतल्या दोन इलेक्ट्रॉनांचे स्पिन एकमेकांविरुद्ध असतात आणि बाहेरचा स्पिन त्या दोघांना वेगवेगळी वागणूक देतो, म्हणून जोडी फुटते. उलट बिनचुंबकीय भेसळीचं त्या धातूंना फारसं काही वाटत नाही.

आता हाच प्रयोग वायबीसीओवर करा, म्हणजे यट्रियम-बेरियम-कॉपर ऑक्साइडवर. त्यातलं सगळंच्या सगळं यट्रियम काढून जागी गॅडोलिनियम घाला. टीसी ९२ केल्विनच्या आसपास होता, तिथेच राहतो. इतकंच नाही, तर आणखी थंड करत गेलात की २.२ केल्विनला गॅडोलिनियमचे स्पिन आपापसात अँटिफेरोमॅग्नेटिक, म्हणजे एक वर एक खाली अशा, रांगा लावतात, आणि पदार्थ सुपरकंडक्टर असतोच. कारण गॅडोलिनियम बसतं तांबे-ऑक्सिजनच्या थरांच्या मध्ये, आणि जोड्या फिरतात त्या थरांत. या दोघांची गाठच पडत नाही.

मग थरातल्या तांब्यालाच हात लावून बघा. तांब्याच्या जागी झिंक घाला. झिंकला स्पिन नाही, म्हणजे पुस्तकाच्या हिशोबाने ते निरुपद्रवी. प्रत्यक्षात लँथॅनम-स्ट्रॉन्शियमच्या संयुगात शेकडा दोन-तीन झिंक गेलं की अतिसंवाहकता संपते, आणि चुंबकीय निकेलपेक्षा हे बिनचुंबकीय झिंकच जास्त नासधूस करतं. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथे आहे. थरातले तांब्याचे स्पिन इथे बाहेरून आलेली भेसळ नव्हेत. त्यांच्यातला एक काढला की भोवतालच्या जोड्यांचा आधार जातो.

आता मूळ पदार्थ बघू. बेडनोर्झ आणि म्युलर यांनी १९८६ मध्ये झुरिकजवळच्या आयबीएमच्या प्रयोगशाळेत ज्या कुटुंबात ३० केल्विनच्या वरची अतिसंवाहकता दाखवली, त्याचं मूळ म्हणजे लँथॅनम कॉपर ऑक्साइड. त्यात प्रत्येक तांब्यावर नऊ डी-इलेक्ट्रॉन, म्हणजे एक एकटा स्पिन. साध्या बँड सिद्धांताने हा धातू असायला हवा. पण एकाच तांब्यावर दोन मोकळे इलेक्ट्रॉन येण्याची ऊर्जेची किंमत इतकी मोठी आहे की सगळे जागच्या जागी अडकतात. यालाच मॉट विसंवाहक म्हणतात. मुंबईत हे शिकवताना प्रत्येक जण विरार लोकलचा दाखला देतो: डबा गच्च, कुणाला हलता येत नाही, दोघं उतरले की थोडी हालचाल सुरू. दाखला इथवर चालतो, पुढे फसवतो. लोकलमधल्या माणसाला शेजाऱ्याच्या तोंडाची दिशा बघून आपली दिशा ठरवावी लागत नाही. इलेक्ट्रॉनला लागते. शेजारचा स्पिन उलटा असेल तर तो ऑक्सिजनच्या वाटेने क्षणभर तिकडे डोकावून येऊ शकतो आणि त्यात त्याची ऊर्जा कमी होते. स्पिन एकाच दिशेचे असतील तर पाउलींचा नियम (एकाच जागी एकाच दिशेचे दोन स्पिन चालत नाहीत) आडवा येतो. म्हणून शेजारी स्पिन वर-खाली, वर-खाली असे लागतात. हे सुपरएक्सचेंज. तांब्याच्या थरात त्याची ताकद तापमानात मोजली तर सुमारे १५०० केल्विन भरते. ही अवाढव्य आहे. प्रत्यक्षात तिन्ही दिशांनी पक्की चुंबकीय मांडणी ३२० केल्विनच्या आसपासच होते, कारण एका थराचा दुसऱ्या थराशी संबंध फार क्षीण असतो. हे लक्षात ठेवा, एक अष्टमांशाचं कोडंही थरांच्या याच दुराव्यात आहे.

लँथॅनमच्या जागी थोडं स्ट्रॉन्शियम किंवा बेरियम घातलं की थरातून इलेक्ट्रॉन कमी होतात, होल, म्हणजे इलेक्ट्रॉनांच्या रिकाम्या जागा, तयार होतात. दर तांब्यामागे ०.०२ होल झाले की दूरवरची चुंबकीय मांडणी मोडते. ०.०५ च्या आसपास अतिसंवाहकता दिसू लागते, ०.१६ ला सर्वोच्च, ०.२७ च्या पुढे संपते. आलेखात हा घुमट दिसतो आणि बघणाऱ्याला वाटतं की चुंबकत्व गेलं म्हणून अतिसंवाहकता आली. गेली ती मांडणी, स्पिनांची आपसातली ओढ कुठेच गेलेली नाही. न्यूट्रॉन आणि पुढे अनुनादी एक्स-रे यांनी पाहिलं तर चुंबकीय लहरी घुमटाच्या उजव्या उतारावरही सापडतात, ऊर्जाही फारशी घसरलेली नसते. वायबीसीओमध्ये १९९१ मध्ये ४१ मिलि-इलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास एक चुंबकीय शिखर दिसलं, आणि टीसीच्या खाली गेल्यावर ते ठळक होतं. नुसता प्रेक्षक असा वागत नाही.

दुसरा पुरावा जोडीच्या आकाराचा. कॉपर ऑक्साइडमधल्या जोडीचं तरंगफलन (तिची अवस्था सांगणारं गणिती सूत्र) डी-प्रकारचं असतं. तांबे-ऑक्सिजन बंधाच्या एका दिशेला त्याचं चिन्ह धन, काटकोनातल्या दिशेला ऋण. त्सुएई आणि कर्टली यांच्या गटाने १९९४ मध्ये तीन स्फटिक विशिष्ट कोनांत जोडलेल्या पृष्ठावर वायबीसीओची कडी बनवली आणि तिच्यात अर्धा फ्लक्स क्वांटम (चुंबकीय प्रवाहाच्या सर्वात लहान मापाचा अर्धा भाग) आपोआप अडकलेला मोजला. चिन्ह बदलत नसतं तर ते शक्य नव्हतं. आणि शेजारच्या इलेक्ट्रॉनांमध्ये अँटिफेरोमॅग्नेटिक ओढ असेल, एकाच जागी तिरस्कार असेल, तर गणितातून निघणारी सोयीची जोडी हीच डी-प्रकारची. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: या पदार्थांत जोडी लावण्याचं मुख्य काम सुपरएक्सचेंजच करतं. फोनॉनला, म्हणजे अणूंच्या जाळीच्या कंपनाला, इथे काहीच काम नाही असं मी म्हणणार नाही, पण मुख्य भूमिका त्याची नाही. याबाबत आजही दुमत आहे, तेव्हा तोंडी परीक्षेत माझं नाव सांगू नका.

आता पट्टे. होल थरात फिरू लागला की तो आपल्या मागे वर-खाली लावलेल्या स्पिनांची रांग विस्कटत जातो. होलला फिरायचं आहे, स्पिनांना रांग टिकवायची आहे. यातून एक तडजोड निघते: होल रेषेत गोळा होतात, रेषांच्या मधल्या पट्ट्यात स्पिनांची रांग शाबूत राहते, आणि रेषा ओलांडताना स्पिनांचा क्रम उलटतो. क्रम उलटल्यामुळे रेषेतल्या होलला आडवं सरकायला मोकळीक मिळते. झानेन आणि गुन्नारसन यांनी १९८९ मध्ये हे गणिताने मांडलं तेव्हा बहुतेकांनी ते बाजूला ठेवलं होतं. १९९५ मध्ये ट्रांक्वाडा आणि सहकाऱ्यांनी निओडिमियम घातलेल्या लँथॅनम-स्ट्रॉन्शियम कॉपर ऑक्साइडच्या स्फटिकात, ०.१२ डोपिंगला, न्यूट्रॉनने हे पट्टे पकडले.

इथे एक बारकावा आहे, तो विद्यार्थ्यांच्या हातून हमखास सुटतो. न्यूट्रॉनला विद्युतभार दिसत नाही. त्याला स्पिन दिसतो आणि अणुकेंद्रक दिसतं. भाराचे पट्टे तयार झाले की भोवतालचे अणू किंचित सरकतात, त्या सरकण्याची खूण न्यूट्रॉनच्या आलेखात एक अगदी लहान शिखर म्हणून उमटते. त्या प्रयोगात थंड करत जाताना भाराची शिखरं ६५ केल्विनच्या सुमाराला आली आणि स्पिनांची ५० च्या सुमाराला. म्हणजे भार आधी रांगेत बसतो, स्पिन मागून पक्के होतात. भाराचे पट्टे चार-चार तांब्यांच्या अंतरावर आणि स्पिनांची पुनरावृत्ती आठांवर, कारण पट्टा ओलांडताना क्रम उलटतो आणि पूर्वपदावर यायला दोन पट्टे लागतात.

आता एक अष्टमांश कुठून आला ते करून बघा. चार तांब्यांमागे एक पट्टा. पट्ट्याच्या लांबीवर दर दोन तांब्यांमागे एक होल. चार गुणिले दोन, आठ तांब्यांत एक होल. डोपिंग नेमकं ०.१२५ असेल तर पट्टे जाळीत चपखल बसतात आणि हलेनासे होतात. लँथॅनम-बेरियमच्या संयुगात आणखी एक गोष्ट घडते: थंड केल्यावर तांब्याभोवतालचे ऑक्सिजनचे अष्टफलक अशा दिशेने कलतात की पट्ट्यांना खाचा मिळतात. आणि हा कल एका थरात एका दिशेने, पुढच्या थरात काटकोनात. म्हणजे पट्टेही एकाआड एक थरात आडवे-उभे. नुसत्या स्ट्रॉन्शियमच्या संयुगात असा कल येत नाही, म्हणून तिथे हा खड्डा उथळ आहे.

बेरियमच्या संयुगात खड्ड्याच्या दोन्ही बाजूंना टीसी ३० केल्विनच्या आसपास जातो आणि ०.१२५ ला पाच केल्विनच्याही खाली येतो. १९८८ पासून हे माहीत होतं आणि निष्कर्ष उघड वाटायचा: पट्ट्यांनी अतिसंवाहकतेचा गळा घोटला. २००७ मध्ये नेमक्या ०.१२५ च्या एकस्फटिकावर, थराच्या दिशेने आणि थरांच्या आरपार असा रोध वेगवेगळा मोजला, आणि चित्र पालटलं. थराच्या दिशेचा रोध ४० केल्विनच्या आसपासच धाडकन घसरतो, म्हणजे स्पिनांचे पट्टे पक्के होतात त्याच तापमानाला. सोळा केल्विनच्या सुमाराला तो शून्य होतो. थरांच्या आरपार मात्र तेव्हाही रोध शिल्लक असतो, आणि नमुना खऱ्या अर्थाने चुंबकीय क्षेत्र बाहेर फेकतो तो जवळपास चार केल्विनला. आकडे परत बघा. या कुटुंबातला सर्वोत्तम टीसी जेमतेम ३२. आणि ज्या रचनेत अतिसंवाहकता मेली असं आपण समजत होतो, तिथे प्रत्येक थराच्या आत जोड्यांचा कारभार ४० लाच सुरू झालेला.

म्हणजे मेलं काय? थराथरांतलं जोडकाम. याचं पटणारं स्पष्टीकरण असं की पट्ट्यांबरोबर जोड्यांच्या तरंगाचंही चिन्ह एका पट्ट्यात धन, पुढच्यात ऋण असं बदलत जातं. वरच्या थरात हे आडवं, खालच्या थरात उभं. दोन थरांतली जोसेफसन देवघेव (जोड्यांची एका थरातून दुसऱ्यात ये-जा) बेरजेला धरली तर धन आणि ऋण समसमान, उत्तर शून्य. प्रत्येक थर आपल्यापुरता सुपरकंडक्टर आणि शेजाऱ्याशी अबोला. २०११ मध्ये युरोपियम घातलेल्या एक अष्टमांशाच्या नमुन्यावर इन्फ्रारेड लेझरचा अगदी छोटा ठोका दिला, तर एक-दोन पिकोसेकंदांत थरांमधलं जोडकाम क्षणभर सुरू झाल्याची खूण मिळाली. इतक्या कमी वेळात जोड्या शून्यातून उभ्या राहणं अवघड. त्या आधीपासून होत्या, अडसर निघाला, असा त्याचा सरळ अर्थ मी लावतो.

तेव्हा पट्टे मित्र की शत्रू, याचं उत्तर थराच्या आत एक आणि थरांच्या मध्ये दुसरं. पण हे एका कुटुंबाचं झालं. वायबीसीओत गणित वेगळं आहे. तिथे चार्ज ऑर्डर एक्स-रेने स्वच्छ दिसली ती २०१२ मध्ये, ०.१२ डोपिंगच्या आसपास, दीडशे केल्विनच्या खाली हळूहळू वाढणारी. पुनरावृत्ती चारऐवजी साधारण सव्वातीन तांब्यांची, आणि सोबत स्पिनांचे पट्टे नाहीत. टीसीच्या खाली गेलं की ती क्षीण होते, आणि बाहेरून १७ टेस्लाचं क्षेत्र लावून अतिसंवाहकता दुबळी केली की परत जोर धरते. ही सरळसरळ स्पर्धा. लँथॅनम कुटुंबात डोपिंग वाढवलं की एक अष्टमांशापर्यंत पट्टे जवळ-जवळ येत जातात, वायबीसीओत उलट ते थोडे लांब जातात. दोन्हींना एकच लेबल लावून एकच सिद्धांत सांगणारा लेख दिसला की मी जरा सावध होतो.

मग या सगळ्याचं नातं काय? पट्टे असले म्हणजे अतिसंवाहकता येतेच असं नाही. लँथॅनम-स्ट्रॉन्शियम निकेल ऑक्साइडमध्ये पट्टे झकास आहेत, तिरके आणि घट्ट, आणि तो पदार्थ विसंवाहकच राहतो. उलट हबर्ड मॉडेल, ज्यात उडी मारणारे इलेक्ट्रॉन आणि एका जागी दोघांचा तिरस्कार एवढंच असतं, त्यावर २०१७ मध्ये अनेक गटांनी वेगवेगळ्या पद्धतींनी एक अष्टमांशाची गणना केली, तर तळाची अवस्था पट्ट्यांचीच निघाली आणि तिच्या खेटून इतर अवस्था ऊर्जेच्या किरकोळ फरकाने उभ्या होत्या. मला यावरून असं दिसतं की अतिसंवाहकता आणि चार्ज ऑर्डर ही सुपरएक्सचेंजचीच दोन अपत्यं आहेत. वाटणीच्या वेळी भांडतात, कधी एका घरात नांदतात. जाळीचा कल, थरांची संख्या, ऑक्सिजनची मांडणी अशा किरकोळ वाटणाऱ्या गोष्टी कोणाच्या पारड्यात वजन टाकायचं ते ठरवतात. सूडोगॅपला (टीसीच्या वरच इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जेत दिसणारी अर्धवट फट) मी इथे मुद्दाम बगल देतोय. तो वेगळ्या उत्तराचा विषय आहे.

जाता जाता, चुंबकत्व आणि अतिसंवाहकता एकत्र नांदण्याचं एक प्रकरण आपल्या मुंबईतलंच आहे. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या गटाने १९९४ मध्ये यट्रियम-निकेल-बोरॉन-कार्बनची अतिसंवाहकता जाहीर केली. यट्रियमच्या जागी अर्बियम घातलेल्या संयुगात अतिसंवाहकता ११ केल्विनच्या आसपास येते आणि सहाच्या आसपास अँटिफेरोमॅग्नेटिक मांडणी तिच्यात येऊन मिसळते. कॉपर ऑक्साइडसारखी गुंतागुंत नको असेल तर सुरुवातीला हे कुटुंब वाचा, डोकं शांत राहील.

आता प्रोजेक्ट. पट्टे थेट दिसणार नाहीत. ट्रॉम्बेला ध्रुव रिअॅक्टरवर न्यूट्रॉनची उपकरणं आहेत आणि विद्यापीठातल्या लोकांना यूजीसी-डीएई कन्सॉर्शियम या संस्थेमार्फत तिथे काम करता येतं, पण पट्ट्यांसाठी मोठा एकस्फटिक लागतो आणि तो भट्टीत पावडर भाजून होत नाही. पावडरवर तिथे ऑक्सिजनची जागा आणि प्रमाण उत्तम कळतं. एक्स-रेला लँथॅनम-बेरियमच्या शेजारी ऑक्सिजन जेमतेम दिसतो, न्यूट्रॉनला नीट दिसतो.

तुम्ही करू शकता ते असं: लँथॅनम-बेरियमच्या गोळ्या, डोपिंग ०.०९५, ०.१२५ आणि ०.१५५. एसी ससेप्टिबिलिटी (बदलत्या चुंबकीय क्षेत्राला नमुना किती प्रतिसाद देतो ते) मोजा, खड्डा दिसायला हवा. इथे खरा धोका लँथॅनम ऑक्साइडच्या बाटलीत आहे. मुंबईच्या हवेत हे ऑक्साइड पाणी ओढून हायड्रॉक्साइड होत जातं; दिसायला तेवढीच पांढरी पावडर, वजनात मात्र पाणी. प्रिन्सेस स्ट्रीटच्या रसायनबाजारातून नवी बाटली आणली म्हणून ती कोरडी असेल असं धरू नका. पावडरच्या वजनात दहा टक्के पाणी असेल आणि तुम्ही ते ऑक्साइड समजून मोजलंत, तर लँथॅनम कमी पडतं, तांब्याचं ऑक्साइड उरतं आणि बेरियमचं प्रमाण ०.१२५ ऐवजी ०.१३८ च्या आसपास जातं. तिथे टीसी पुन्हा चढू लागलेला असतो, आणि तुम्ही प्रबंधात लिहिता की एक अष्टमांशाचा परिणाम आढळला नाही. म्हणून पावडर ९०० ते १००० अंश सेल्सिअसला रात्रभर भाजा, गरम असतानाच डेसिकेटरमध्ये (ओलावा शोषणाऱ्या बंद भांड्यात) ठेवा, निवली की लगेच तोला. जुलैमध्ये तराजूवर ठेवलेला आकडा हळूहळू चढताना डोळ्यांनी दिसतो, तो दिसला तर ती तोलणी टाकून द्या. बेरियम कार्बोनेट घ्या, ते हवेत टिकतं.

गोळीत कण वाटेल त्या दिशेला वळलेले असतात, त्यामुळे थरातला आणि थरांच्या आरपारचा रोध वेगळा काढता येणार नाही. ०.१२५ च्या गोळीत रोधाची घसरण रुंद आणि लांबलेली आली तर तिला खराब नमुना म्हणून फेकू नका, पण नुसत्या रोधावरून टीसीही जाहीर करू नका. एखादा बारीक धागा शून्य रोधाचा निघाला तरी मीटर शून्य दाखवतो. ससेप्टिबिलिटीतली घसरण एकूण आकारमानाच्या किती टक्के आहे, ते लिहा.

आणि ओपन डेला चुंबक तरंगवायला वायबीसीओची गोळी वापरणार असाल तर खेळ झाल्यावर तिच्यावर जमलेलं दव लगेच उडवा. दिव्याखाली गरम करून सिलिका जेलच्या डबीत टाका. ओली राहिली तर बेरियम बाहेर पडून कार्बोनेट होतं, गोळीवर पांढुरका थर येतो, आणि पुढच्या वर्षी तिच्यावर चुंबक तरंगत नाही.